घरातला प्रेरणाफलक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी शनिवारी दुपारी घरीच प्रेरणाफलक करायला शिकवते. शिकून गेलेल्यांचे आणि त्यांच्याकडून ऐकलेल्यांचेही प्रश्न फोनवर येत राहतात, आणि बरेचसे प्रश्न तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे आहेत, पुढे अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागू पडते तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रेरणाफलक म्हणजे नेमकं काय? शाळेतल्या सुविचाराच्या फळ्यासारखंच का?

नातं नक्की आहे. शाळेत फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात सुविचार लिहायची पाळी यायची ती आठवा. कालचा पुसल्याशिवाय आजचा लिहिता येत नसे. म्हणूनच तो सगळ्यांच्या नजरेत राहायचा. वर्षभर एकच सुविचार राहिला असता तर तिकडे कुणी पाहिलंच नसतं.

घरातल्या फलकावर आपण जे करायचं ठरवलंय, शिकायचं ठरवलंय, त्याची चित्रं, शब्द, कापडाचे तुकडे, तिकिटं, वाळलेली पानं टाचून ठेवतो. भिंतीवरचा फोटो एकदा लावला की झालं. फलक मात्र सतत बदलायचा असतो. महिनाभर हात न लागलेला फलक डोळ्यांना दिसेनासा होतो, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. त्यामुळे पुढे बोर्ड, कापड, उंची, टाचण्या यांबद्दल जे सांगितलंय ते सगळं एकाच हेतूनं सांगितलंय: फलक बदलणं सोपं जावं.

२. व्हिजन बोर्ड, मूड बोर्ड आणि हा फलक, यांत फरक काय?

व्हिजन बोर्डवर पुढे काय मिळवायचं ते असतं. मूड बोर्डवर एखाद्या कामाचे रंग, पोत, नमुने असतात. घराची सजावट ठरवणारे आणि कपड्यांची रचना करणारे तो वापरतात (प्रश्न १८). प्रेरणाफलकात दोन्हींचं थोडं थोडं येतं. नावावरून अडून राहू नका.

३. पहिला फलक केवढा करू?

दोन फूट बाय तीन फूट. याहून लहान केला तर चार गोष्टींतच भरतो. फार मोठा केला तर रिकामा दिसतो आणि माणूस उगाच काहीबाही लावून तो भरत बसतो.

सॉफ्टबोर्डची, म्हणजे टाचणी टोचता येईल अशा मऊ फळीची, पूर्ण शीट आठ बाय चार फुटांची येते आणि दुकानदार कापून देतो. एका शीटमधून दोन बाय तीनचे पाच तुकडे निघतात, त्यामुळे शेजारच्या पाच घरांनी मिळून घेतली तर स्वस्त पडते. कापताना मांडणी नीट सांगा: तीन फुटांची बाजू आडवी धरून दोन ओळींत दोन-दोन तुकडे, आणि उरलेल्या दोन फुटी पट्ट्यातून पाचवा. सगळे उभे कापले तर चारच निघतात.

४. बोर्ड कोणता घ्यावा? सॉफ्टबोर्ड, कॉर्क की थर्माकोल?

सॉफ्टबोर्ड, १२ मिलिमीटर जाडीचा. टाचणी सहज आत जाते, घट्ट बसते आणि काढल्यावर भोक फारसं दिसत नाही. दोन बाय तीनचा तुकडा साधारण दोन किलो भरतो. लाकडी चौकटीसह तीन धरा. लाकडाचे तंतू दाबून तो केलेला असतो, त्यामुळे पाणी हा त्याचा शत्रू आहे. त्याबद्दल प्रश्न १३ मध्ये.

कॉर्क दिसायला फार सुंदर. ओकच्या एका जातीच्या झाडाची ती साल असते. झाड न तोडता साधारण नऊ वर्षांनी एकदा सोलतात, आणि सर्वांत जास्त उत्पादन पोर्तुगालमध्ये होतं. पण बाजारात गुंडाळीत मिळणारी शीट बरेचदा दोन-तीन मिलिमीटरच असते. टाचणी आरपार जाते आणि पडते. अशी शीट घेतलीच तर सॉफ्टबोर्डवर चिकटवून वापरा.

थर्माकोल नको. टाचणीचं भोक मोठं होत जातं, चुरा घरभर उडतो. शिवाय २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आहे.

प्लायवुड आणि एमडीएफ टाचणीला दाद देत नाहीत. लोहचुंबकाचा फलक हवा असेल तर लोखंडी पत्रा लागतो. दुकानात जाताना फ्रिजवरचा एक चुंबक खिशात ठेवा आणि लावून बघा; ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही, स्टीलच्याही अनेक पत्र्यांना चिकटत नाही.

आणि अजिबात खर्च करायचा नसेल तर फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या. तीन थर, मधल्या थराच्या नाल्या आडव्या, बाकी दोघांच्या उभ्या, फेविकॉलनं चिकटवून रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली. असा फलक वर्षभर आरामात टिकतो. पहिल्यांदा करताय तर मी हाच सुचवते.

५. फलकावर कोणतं कापड लावू? आणि सुरकुत्या न पडता कसं चढवू?

कापड शक्यतो सुती, मध्यम जाड, आणि रंगानं शांत. आपण त्यावर रंगीत गोष्टी लावणार आहोत, त्यामुळे कापडानं मागे राहायला हवं. खादी उत्तम. जुन्या सुती साडीचा न विरलेला भाग त्याहून उत्तम, कारण धुऊन धुऊन ती आटायची थांबलेली असते. नवं कापड असेल तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या; नाहीतर पावसाळी हवेत ते ढिलं पडतं.

खणाचं कापड सगळ्यांना हवं असतं, आणि दिसतंही छान. पण दोन गोष्टी. पारंपरिक खणाचा पन्ना साडीपेक्षा अरुंद असतो, तेव्हा फलकाची रुंदी आधी मोजा. आणि खणावर आधीच बारीक बुट्टे असतात. त्यावर फोटो हरवतात. मी खण फक्त किनारीला वापरते: चारही बाजूंनी चार बोटं खण, मधे साधं कापड.

पैठणी किंवा कुठलंही रेशीम फलकावर ताणू नका. टाचणीनं रेशमाचा धागा तुटतो आणि ते भोक बुजत नाही. आजीचं जुनं लुगडं असेल तर त्याच्या काठाचा वितभर तुकडा फलकावर टाचा. सगळं लुगडं कापू नका. असं लुगडं कात्री लावायच्या आधी एक रात्र घरात तसंच ठेवा, असं मी प्रत्येकीला सांगते. सकाळी विचार बदललेला असतो.

चढवायची रीत: कापड चारही बाजूंनी तीन-तीन इंच जास्त ठेवा. उलटं पसरून त्यावर बोर्ड उपडा ठेवा. कोपऱ्यापासून सुरुवात केली की कापड तिरकं ओढलं जातं. म्हणून आधी वरच्या बाजूच्या मध्यावर एक स्टेपल, मग खालच्या, मग डाव्या, मग उजव्या. तिथून दोन्हीकडे कोपऱ्यांच्या दिशेनं जा. कोपरे शेवटी, पाकिटासारखी घडी घालून. सॉफ्टबोर्डमध्ये स्टेपल कमी धरते, त्यामुळे मागून पातळ लाकडी पट्ट्यांची चौकट असेल तर बरं.

६. भाड्याच्या घरात आहोत. मालक खिळा मारू देत नाहीत. काय करायचं?

टांगायचाच हा हट्ट सोडला तर प्रश्न संपतो. टेबलावर भिंतीला टेकवून ठेवा, कपाटाच्या बाजूच्या फळीवर लावा, किंवा पडद्याच्या दांडीवरून सुतळीनं सोडा. शिडीसारखी बांबूची जुनी घोडी मिळाली तर त्यावर फार देखणा बसतो.

दुहेरी चिकटपट्टी वापरणार असाल तर आधी भिंत ओळखा. ओलं बोट घासा. बोटाला पांढरं लागलं तर चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे, आणि चिकटपट्टी रंगाचा पापुद्रा घेऊनच निघेल. माझ्या पहिल्या भाड्याच्या घरात तळहाताएवढा रंग असाच निघाला आणि घर सोडताना ते पैसे अनामत रकमेतून गेले. प्लॅस्टिक पेंट किंवा ऑइल पेंटवर पट्ट्या टिकतात. पाकिटावर जितकं वजन लिहिलेलं असतं त्याच्या निम्मंच धरून चाला.

स्वतःच्या घरात ड्रिल करणार असाल तर एक गोष्ट विसरू नका: विजेच्या बटणांच्या बोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका. भिंतीतल्या तारा तिथूनच गेलेल्या असतात. आणि टांगताना पाणसळ लावून बघा. डोळ्यांवर विसंबून लावलेला फलक तिरका आहे हे दुसऱ्या दिवशी कळतं.

७. कोणत्या खोलीत, किती उंचीवर? दिशा बघावी का?

जिथे तुम्ही रोज दोन मिनिटं थांबता तिथे. चपला घालायची जागा, आरसा, कामाचं टेबल. स्वयंपाकघरात गॅसजवळ नको. फोडणीचा तेलकट थर कापडावर बसतो आणि निघत नाही.

उभं राहून बघणार असाल तर फलकाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा. चित्रप्रदर्शनांत साधारण हीच उंची धरतात. बसून बघायचा असेल तर मध्य १२० च्या आसपास. वरच्या कोपऱ्यापर्यंत तुमचा हात स्टूल न घेता पोचला पाहिजे. स्टूल आणावं लागलं की बदलणं थांबतं.

दिशेचं म्हणाल तर मी ऊन बघते. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट पडत असेल तर छापील रंग काही महिन्यांत उडतात. घरातल्या मोठ्यांना दिशेला महत्त्व वाटत असेल तर त्यांनाच जागा निवडू द्या. पुढे फलकाकडे त्यांचंही लक्ष राहतं.

८. बंगल्याचा, गाडीचा फोटो लावला की ते मिळतं असं म्हणतात. खरंच का?

नुसता फोटो लावून नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, आणि फलकाचं यश-अपयश याच्याच उत्तरावर ठरतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लिएन फाम आणि शेली टेलर या संशोधकांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षेच्या आधीचे काही दिवस एका गटाला रोज थोडा वेळ चांगले गुण मिळाल्याचं दृश्य मनात आणायला सांगितलं. दुसऱ्या गटाला आपण अभ्यास कसा करतोय, कुठे बसलोय, पुस्तक कसं उघडतोय हे मनात आणायला सांगितलं. अभ्यासाचं चित्र मनात आणणाऱ्यांनी जास्त अभ्यास केला आणि त्यांना गुणही जास्त पडले.

फलकाला हेच लागू करा. मुक्कामाचं एक चित्र लावलं तर वाटेची किमान दोन लावा.

आमच्या इमारतीतल्या एका काकांना निवृत्तीनंतर आळंदी ते पंढरपूर पायी वारी करायची होती. ती वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. त्यांनी पहिल्यांदा केलेल्या फलकावर मधोमध विठोबाचा मोठा फोटो होता आणि बाकी काही नव्हतं. तो तीन महिने तसाच राहिला, काका खाली बागेपर्यंतही उतरत नव्हते. मग आम्ही दोघांनी बसून तो नव्यानं मांडला. विठोबा वर राहिला. खाली हातानं काढलेला नकाशा: आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, वाखरी, पंढरपूर. सासवडच्या आधी दिवे घाटाचा चढ लाल पेनानं. बाजूला तीस चौकोनांची एक पट्टी, दर महिन्याला नवी, त्यात रोज किती चाललो ते लिहायचं. एका कोपऱ्यात बुटांची पावती, कारण नवे बूट आधी दोन महिने वापरून सैल करायचे होते. पट्टी टाचणीवर होती, शेजारी दोरीला पेन बांधलेलं होतं. चौकोन भरायला म्हणून काका रोज तिथे जायला लागले.

गाडी, बंगला लावायला माझी हरकत नाही. त्याखाली दर महिन्याला बाजूला पडलेली रक्कम लिहायची पट्टी लावा.

९. माझा फलक कचराकुंडीसारखा दिसतो. मांडणी कशी करू?

काढून टाका. एक तृतीयांश जागा रिकामी राहील इतकं काढा. रिकामी जागा म्हणजे पुढच्या गोष्टीला आवतण.

मग उरलेलं सगळं जमिनीवर फलकाच्या मापाच्या जुन्या चादरीवर मांडून बघा. सर्वांत मोठी गोष्ट मध्याच्या जरा बाजूला ठेवा, बरोबर मध्यावर नको. फोनवर फोटो काढा आणि तो फोटो कृष्णधवल करून बघा. गर्दी कुठे झाली आहे ते रंग गेल्यावर लगेच कळतं. रंग तीनच धरा. चौथा रंग आला तर एखाद्या ठिपक्यापुरता. पानं, पिसं, शिंपले अशा उंचवट्याच्या गोष्टी एकाच बाजूला नकोत, फलक एका अंगाला जड दिसतो.

१०. माझं मराठी अक्षर फलकावर वेडंवाकडं येतं. काही युक्ती?

आहे. आपण इंग्रजी वहीच्या सवयीनं अक्षरं खालच्या रेघेवर बसवतो. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लोंबतं. म्हणून पेन्सिलीची रेघ वर आखा, शिरोरेषेच्या जागी, आणि अक्षरं तिला टांगा. वेलांटी, मात्रा, रफार यांच्यासाठी वर आणि उकारांसाठी खाली अक्षराच्या उंचीच्या निम्मी जागा सोडा. शिरोरेषा शेवटी, एका दमात ओढा.

चपट्या टोकाचा मार्कर मिळतो, त्यानं जाड-बारीक छान येतं. इंग्रजी सुलेखनाचे तिरप्या टोकाचे पेन मात्र आपल्याला उलटे पडतात, कारण देवनागरीला टोकाचा काप विरुद्ध बाजूचा लागतो. बोरू मिळाला आणि तो तासून देणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सरावासाठी दोन पेन्सिली रबरबँडनं शेजारी शेजारी बांधा आणि रद्दी वर्तमानपत्रावर लिहा.

छापून लावणार असाल तर फाँट नीट बघा. अनेक फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला र मोडून पडतो. रोज डोळ्यांसमोर राहणारा शब्द आपल्या वळणाचा असावा असं मला मनापासून वाटतं.

११. इंटरनेटवरचे सुविचार लावले तर चालतील?

मूळ कुठलं ते सापडलं तर लावा. थोरांच्या नावावर फिरणारी बरीच वाक्यं त्यांची नसतात. त्यापेक्षा तुमच्या आईचं नेहमीचं वाक्य तुमच्या अक्षरात लावा, ते जास्त पोचतं.

१२. वारली चित्रांची किनार काढायची आहे. कशी काढू?

गेरूच्या रंगाचं कापड किंवा कार्डशीट घ्या. पारंपरिक रंग तांदळाच्या पिठाचा, पाणी आणि डिंक घालून. बांबूची काडी चावून तिचा कुंचला करतात. घरी पांढरा पोस्टर कलर आणि शून्य नंबरचा ब्रश चालेल. माणसाचं अंग म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. शेताची कामं, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा नाच, झाडं, मुंग्यांच्या रांगा यांनी किनार सुरेख होते.

एक विनंती. चौकोनातला देवचौक काढू नका. तो लग्नविधीत काढायचा असतो, त्यात पालघट देवी असते, आणि सवाशिणी तो काढतात. ती कुणाची तरी पूजेची जागा आहे. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही कला जगभर गेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण कला घराघरांत पोचली तरी विधीतलं चित्र विधीतच शोभतं.

१३. पावसाळ्यात फलकाला बुरशी येते, बोर्ड फुगतो. उपाय?

मुंबई-कोकणात तर हे ठरलेलंच. नैर्ऋत्येचा पाऊस झोडपतो त्या बाहेरच्या भिंतीवर फलक लावूच नका. दोन खोल्यांमधली भिंत निवडा. ज्या भिंतीला ओल आहे तिथे आधी गळती काढा, फलकानं ओल झाकली की ती आतल्या आत वाढते.

फलक आणि भिंत यांत बोटभर पोकळी हवी. मागच्या चारही कोपऱ्यांना जुन्या रबरी चपलेचे चौकोनी तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते. कापड चढवायच्या आधी बोर्डच्या कडांना आणि पाठीला ऑइल पेंटचा एक हात द्या. पाणी कडांतूनच शिरतं. लोखंडी टाचण्या गंजून कापडावर तांबडे डाग पडतात, म्हणून पितळी घ्या.

बुरशी आलीच तर फलक गॅलरीत नेऊन, नाकाला फडकं बांधून, कोरड्या ब्रशनं झाडा. ओल्या फडक्यानं पुसलं की ती पसरते. फोटो काढून घेऊन नुसता बोर्ड उन्हात ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात वर्षातून एकदा हे करावंच.

कागद चिकटवायला घरची मैद्याची खळ वापरत असाल तर कसर आणि झुरळं तिच्यावर येतात. पुस्तकं बांधणारे खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात ते याचसाठी. मोरचूद विषारी आहे. मुलं असलेल्या घरात अशी खळ नको, फेविकॉल वापरा. तळमजल्यावर किंवा बैठ्या घरात फलक जमिनीला टेकवू नका, वाळवी तिथूनच चढते.

१४. जुने घरगुती फोटो थेट लावू का?

नाही. प्रत लावा. माझ्या वडिलांचा तरुणपणीचा एकुलता एक फोटो मी डिंकानं पुठ्ठ्यावर चिकटवला होता. दुसऱ्या पावसाळ्यात तो पिवळा पडला आणि सोडवायला गेले तर फाटला. त्यानंतर मी कुणालाही मूळ फोटो लावू दिलेला नाही.

मूळ फोटो स्कॅन करून छापून घ्या. घरच्या इंकजेट छपाईची शाई दमट हवेत फुटते. फोटो स्टुडिओतली प्रत जास्त टिकते. मागे तारीख, नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं. टाचणी फोटोच्या कडेला टेकवून लावा, फोटोतून आरपार नको.

वर्तमानपत्राची कात्रणं पिवळी पडतात, कारण त्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. बसची, सिनेमाची गुळगुळीत तिकिटं आणि बिलं उष्णतेनं छापलेली असतात, त्यांवरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. दोन्हींच्या झेरॉक्स चांगल्या कागदावर काढून लावा.

१५. घरात दीड वर्षाचं मूल आहे. टाचण्यांची भीती वाटते.

वाटायलाच हवी. टाचण्या आणि छोटे चुंबकही नकोत. पोटात गेलेले दोन जोरदार चुंबक आतड्याला चिमटा घेतात, ते फार धोक्याचं असतं. त्याऐवजी दोन टोकांना सुतळी ताणून बांधा आणि कपड्यांचे मोठे लाकडी चिमटे वापरा. किंवा कापडावर खिसे शिवा. खालचा एक खिसा मुलालाच द्या.

१६. मुलगी दहावीत आहे. फलकानं तिचा अभ्यास वाढेल का? की दडपण येईल?

फलक कोण करतं यावर ते आहे. आईबाबांनी केलेला आणि टक्केवारी लिहिलेला फलक दडपणच आणतो. तिच्या खोलीत तिचा फलक, तिच्या हातचा. तुम्हाला काही लावावंसं वाटलं तर तिला विचारा, आणि ती नको म्हणाली तर थांबा.

टक्के, क्रमांक, दुसऱ्याच्या पोरीचं कात्रण यांतलं काही नको. वाटेच्या गोष्टी लावा (प्रश्न ८). ‘झालं’ अशी एक ओळ ठेवा आणि संपलेल्या धड्याची चिठ्ठी तिकडे सरकवू द्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वेळापत्रक आणि एक आवडतं चित्र एवढंच राहू द्या.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. एखादा प्रयत्न हुकला की त्याच आठवड्यात फलक उतरवा आणि पूर्ण रिकामा करा. जुना फलक रोज समोर असणं हा जाच असतो. दोन-चार आठवड्यांनी नवा लावावासा वाटला तर लावा. त्यावर दुसरीच दिशा आली तरी चालेल.

१७. एकत्र कुटुंब आहे. सासूबाईंना देवाचे फोटो हवेत, दीर म्हणतात फक्त त्यांच्या ट्रेकचे. शिवाय गेलेल्या माणसांचे फोटो जिवंत माणसांबरोबर लावू नयेत म्हणतात.

एक मोठा फलक सर्वांत वाटायला जाऊ नका. प्रत्येकाला दीड फुटाचा आपापला चौकोन द्या, सारख्या कापडाचा, एकाच ओळीत. दिसायला एकसंध, आणि दुसऱ्याच्या चौकोनाला हात लावायचा नाही एवढा एकच नियम.

देवाच्या, बाबासाहेबांच्या, सावित्रीबाईंच्या चित्राला टाचणी टोचायला अनेकांचं मन धजत नाही, माझंही नाही. चित्र कार्डशीटवर चिकटवा आणि टाचणी कार्डशीटच्या मोकळ्या कडेला लावा.

गेलेल्या माणसांबद्दल घराची रीत पाळा, त्यावरून वाद नको. फोटोऐवजी त्यांचं अक्षर लावता येतं. आजीनं लिहिलेली गोडा मसाल्याची यादी, आजोबांच्या हिशेबाच्या वहीतल्या पानाची झेरॉक्स. हार घालावासा वाटत नाही, आणि माणूस जवळ असतं.

१८. नव्या घराच्या सजावटीसाठी असा फलक करायचा आहे. वेगळं काय करू?

तिथे नमुने खरे हवेत. फोनवरचे फोटो रंगाबाबत फसवतात. लॅमिनेटचा तुकडा, टाइलचा तुकडा, पडद्याचं कापड, रंगाचं कार्ड एकत्र आणा, आणि प्रमाण पाळा: भिंतीचा रंग सर्वांत मोठ्या तुकड्यात, सोफ्याचं कापड त्याहून लहान, उशांचा रंग बोटभर. सगळे नमुने सारख्या मापाचे लावले की खोलीचा अंदाज चुकतो.

फलक त्याच खोलीत नेऊन सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. पिवळ्या दिव्याखाली राखाडी रंग वेगळाच दिसतो. रंग नक्की करायच्या आधी भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा पट्टा मारून वाळू द्या. प्रत्येक नमुन्यामागे कंपनीचा क्रमांक लिहा. सुतार आणि रंगारी क्रमांक विचारतात. काम संपल्यावर हा फलक फेकू नका, दुरुस्तीच्या वेळी तेच क्रमांक लागतात.

१९. आजीला वाचता येत नाही, आणि आता दिसतंही कमी. तिच्यासाठी करता येईल?

येईल, आणि अशा फलकांना सर्वांत जास्त हात लागतात. हातांना कळतील अशा गोष्टी घ्या: नऊवारीचा काठ, काथ्याची दोरी, बांगडीचा तुकडा नव्हे पण अख्खी लाखेची बांगडी, माळेतले मणी, कापडाच्या पुरचुंडीत लवंग-वेलची. गोष्टी शिवून टाका, टाचण्या नकोत. उंची तिच्या बसण्याच्या जागेवरून हात पोचेल अशी. काय लावायचं ते तिलाच सांगू द्या. एका आजींनी जात्याचा खुंटा मागितला होता, तो आम्ही पट्टीनं बांधला.

२०. आम्ही परदेशात राहतो. इथल्या भिंती पोकळ आहेत.

जिप्समच्या भिंतीत साधी टाचणी थेट जाते, त्यामुळे हलका पुठ्ठ्याचा फलक तिथे सोपा. जड असेल तर मागचा लाकडी खांब शोधून त्यातच स्क्रू घ्या. मुलांच्या मराठीसाठी चैत्र ते फाल्गुन अशी बारा महिन्यांची पट्टी लावा आणि प्रत्येक महिन्याखाली घरी काय होतं ते मुलांनाच चितारू द्या.

२१. फलकावरून काढलेल्या गोष्टींचं काय करायचं? आणि जे जमलंच नाही त्याचं?

वर्षाचं एक मोठं पाकीट करा, वर साल लिहा. काढलेली प्रत्येक गोष्ट त्यात, मागे काढल्याची तारीख पेन्सिलीनं. दिवाळीच्या साफसफाईत पाकीट उघडा. न जमलेल्या गोष्टींना वेगळं पाकीट लागत नाही. त्याही तिथेच राहू द्या, काही पुन्हा फलकावर जातात.

वारीच्या काकांचा नकाशा आता त्यांच्या पाकिटात आहे. वाखरीपाशी त्यांनी तारीख घातली आहे, आणि दिवे घाटाच्या लाल रेघेवर पावसाचा एक थेंब पडून ती फुटली आहे. फलकावर त्या जागी सध्या पेटीच्या पट्ट्यांचं चित्र आहे, सा रे ग म लिहिलेलं. तीस चौकोनांची पट्टी तीच चालू आहे.